दुभाषी झुमरेता

झुमरेता बेशिच बोस्नियातून इटलीत आमच्या ब्रेंताक गावाला आली तेव्हा तिला आमच्या भाषेतले दोनच शब्द येत होते, ‘नमस्कार’ आणि ‘पुरे’. ‘पुरे’ हा शब्द निर्वासितांच्या छावणीत जेवण वाढणाऱ्या बाईकडून शिकलेला. बरोबर आई होती, हानिफा. वडील आणि धाकटा भाऊ लढाईच्या पहिल्याच उन्हाळ्यात गेले. कसे गेले ते तिनं इतक्या वर्षांत मला एकदाच सांगितलं, गाडीत, समोरच्या रस्त्याकडे बघत. मीही समोरच बघत होतो. ते इथे लिहायचं कारण नाही.

पहिली दोन वर्षं तिनं सफरचंदांच्या गोदामात काढली. मग वृद्धाश्रमात लागली आणि तिथेच राहिली. तिची भाषा तिथल्या म्हाताऱ्यांकडून आली. म्हणजे इटालियन नव्हेच, आमच्या खोऱ्याची बोली, आणि तीही साठ वर्षांपूर्वीची. दुकानात पाव घ्यायला गेली की पोरं तोंडावर हात धरायची. चाळिशीतली बाई, आणि बोलणं पणजीचं. शिव्यासुद्धा अशा, की आमच्या वडिलांनंतर कुणी दिल्या नव्हत्या.

आमच्या त्रेंतोच्या प्रांत सरकारची एक रीत आहे. दर वर्षी बजेटातला लहानसा वाटा परदेशातल्या कामांसाठी काढून ठेवायचा. कुठे विहीर, कुठे दवाखाना, भूकंप झाला तर तंबू. कामं गावोगावच्या संस्था सुचवतात, सरकार पैसे देतं, आणि मग सरकारचा माणूस येऊन बघतो की विहिरीला पाणी आहे की नुसतीच पाटी. बोस्नियातली लढाई थांबल्यावर आमच्या खोऱ्यातल्या संस्थेनंही एक गाव धरलं. मी तेव्हा लाकडाच्या वखारीत ड्रायव्हर होतो. मोठी गाडी होती, रजा होती, लग्न नव्हतं. तिकडे गाडी न्यायला माझी निवड झाली.

बारमध्ये आमची रोज पूजा व्हायची.

“काय तुल्लियो, आपल्या पुलाचा कठडा तीन वर्षं मोडलाय, आणि पैसे चालले बोस्नियाला?”

“कठड्याला माझी गाडी लागत नाही,” मी म्हणायचो.

“बरं, जातोच आहेस तर तिथली आलुबुखाराची दारू तरी आण. आमचाही थोडा विकास होऊ दे.”

दारू मी आणत असे. कुणी तक्रार केली नाही.

दुभाषी म्हणून झुमरेताला विचारलं तेव्हा तिनं एकच अट घातली. मोठ्या गावात येईन, नगरपालिकेत बसेन, शाळा बघेन. पण माझ्या ग्राबोव्यानला नेऊ नका. ग्राबोव्यान तिथून डोंगरात वर होतं. ती ज्या लोकांतली, ते आता त्या भागात सत्तेवर नव्हते. ज्यांनी त्यांना हाकललं त्यांचीच नगरपालिका होती. अट सगळ्यांना समजली. कुणी जास्त विचारलं नाही.

सरकारकडून येणारे साहेब म्हणजे एर्मान्नो दाल्लागो. उंच, बारीक, कायम सर्दी झालेला माणूस. सज्जन होता, पण नियमाबाहेर पाऊल टाकायचं तर आधी खाली नियम अंथरून घ्यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं झुमरेताला सांगितलं, “झुमरेताबाई, ‘तो म्हणतो, ती म्हणते’ असं नको. माणूस जसं बोलेल तसंच तुम्ही बोला. तो ‘मी’ म्हणाला तर तुम्हीही ‘मी’ म्हणा.”

तिनं ते अक्षरशः पाळलं. टेबलापलीकडचा मिशाळ माणूस बोलायचा, आणि अलीकडून ही सांगायची, “मी फौजेत होतो, माझा एक पाय गेलाय, मला ट्रॅक्टर चालवता येत नाही.” तेही आमच्या पणजीच्या बोलीत. दाल्लागोसाहेबाला आधी हसू यायचं, आणि मग हसल्याची लाज वाटायची. पण तिच्या चेहऱ्यावर काहीही नसायचं. बोलणं तिच्यातून जायचं आणि पलीकडे पोचायचं. मला पन्हळ आठवायची. पाणी कुणाच्या छपराचं आहे हे पन्हळ विचारत नाही.

असं दीडेक वर्ष चाललं. शाळा झाली. मग आमच्या संस्थेनं नवीन काम मांडलं: डोंगरातल्या गावांत मोडकी घरं दुरुस्त करायची, गाई द्यायच्या, आणि सगळ्या वाड्यांचं दूध जमा करायला एक डेअरी काढायची. सरकारची अट अशी की परत आलेले मूळ रहिवासी आणि दुसरीकडून हाकलले जाऊन तिथे येऊन राहिलेले, दोघांनाही मिळालं पाहिजे. नगरपालिकेनं बरोबर एक माणूस दिला, त्याचं नाव द्रागान. फिरायचा त्याला उत्साह होता, कारण दर घरात कॉफी आणि दर दुसऱ्या घरात दारू.

ऑक्टोबरातल्या एका दिवशी आम्ही ठरलेल्या वाडीकडे निघालो तर ओढ्यावरचा पूल पडलेला. द्रागान म्हणाला, “दिवस फुकट कशाला घालवायचा? वरच्या रस्त्यानं ग्राबोव्यान जवळ आहे. तिथेही छपरं गळतायत.”

झुमरेतानं ते भाषांतर केलं. दाल्लागोसाहेबानं वळून तिच्याकडे पाहिलं. अट त्यालाही आठवत होती. “तुम्हाला नको असेल तर परत फिरू.”

ती म्हणाली, “छपरं गळतायत म्हणतो. चला.”

गावात शिरल्यावर द्रागाननं दोन घरं ओलांडायला लावली आणि तिसऱ्यापुढे गाडी उभी करायला सांगितली. पांढऱ्या भिंती, अर्ध्या छपरावर पत्रा, मागे आलुबुखाराची बाग. मी आरशातून झुमरेताकडे पाहिलं. ती हातमोजे काढत होती. एक काढला, परत घातला, परत काढला. त्यावरून काही ओळखायला हवं होतं, पण थंडी होती, आणि मला गाडी कुठे वळवायची याची काळजी.

घरात गोयको नावाचा पन्नाशीचा माणूस आणि त्याची बायको देसांका राहत होती. तेही हाकललेलेच, सीमेपलीकडून क्रोएशियातून आलेले. आम्ही बूट काढले आणि स्वयंपाकघराकडे निघालो. तिथे उंबऱ्यानंतर एक पायरी होती, खोल आणि एका अंगाला कललेली. दाल्लागोसाहेब तिथे अडखळला. मी अडखळलो. द्रागान तर पडलाच असता, त्यानं चुलीचा कठडा धरला आणि हात भाजून घेतला. झुमरेता शेवटून येत होती, मान मागे वळवून, खिडकीतून बाहेर बघत. तिचा पाय त्या पायरीवर जिथे पडायचा तिथे पडला.

देसांका कॉफीचं भांडं हातात घेऊन उभी होती. तिनं ते पाहिलं.

गोयको बोलू लागला आणि झुमरेता सांगू लागली. “मी पंचाण्णव साली आलो. ट्रॅक्टरवर आलो, बायको आणि दोन पोरी घेऊन. या घराला दारं नव्हती, खिडक्या नव्हत्या, जमिनीवर राख होती. दारं मी बसवली. खिडक्या मी बसवल्या. छपराला माझ्याजवळ पैसे पुरले नाहीत.”

“घराचा मालक कोण?” दाल्लागोसाहेबानं विचारलं. हा प्रश्न तो सगळीकडेच विचारायचा.

तिनं प्रश्न पलीकडे नेला. उत्तर अलीकडे आणलं. “मालकाचं मला माहीत नाही. मेला म्हणतात. बाकीची माणसं परदेशात कुठेतरी आहेत. येणार नाहीत.”

आवाज तोच होता. इतर घरांत असायचा तसाच.

मग देसांका पुढे आली. कॉफी तिनं कुणालाच दिली नव्हती. ती झुमरेतासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात एक वाक्य बोलली. झुमरेतानं सवयीनं ते आमच्या भाषेत म्हटलं:

“हे घर तुझं आहे.”

दाल्लागोसाहेबाचा चेहरा उजळला. नाक गळत होतं, तरी उजळला. “आभार सांगा त्यांना. किती अगत्यशील लोक! इतक्या अडचणीत, आणि तरी पाहुण्याला म्हणतात, घर तुझंच समज.”

झुमरेता देसांकाकडेच बघत होती.

“सांगा ना त्यांना.”

“साहेब,” ती म्हणाली, “ते तुम्हाला नव्हतं. मला होतं.”

दाल्लागोसाहेबाला समजायला वेळ लागला. मला तर त्याहून जास्त. गोयकोला भाषा कळत नव्हती, पण बायकोचं वाक्य त्यानंही ऐकलं होतं. त्याचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. तो उभा राहून ओरडू लागला. झुमरेता बसून राहिली, आणि त्याचं ओरडणं तिनं ओरडल्याशिवाय सांगितलं.

“म्हणजे मदतीच्या नावानं आम्हाला हाकलायला आलात? छप्पर देतो सांगून घरात शिरलात? मी कुठे जाऊ? माझ्या घरात दुसरा कुणी बसलाय, त्याला विचारा जाऊन! मी या बाईचं काय वाकडं केलंय? हिला मी आज पहिल्यांदा बघतोय.”

“आणि तुम्ही काय म्हणता?” दाल्लागोसाहेबानं तिला विचारलं.

“मी दुभाषी आहे,” ती म्हणाली.

देसांकानं नवऱ्याला दंडाला धरून खाली बसवलं. “गप रे,” ती म्हणाली, एवढं मलाही कळत होतं. “ती ओरडतेय का? नाही ना? मग तू कशाला?” मग तिनं कॉफी ओतली. सगळ्यांनी घेतली. ती कॉफी पिणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लांबलेलं कॉफी पिणं असेल.

परतताना दाल्लागोसाहेब म्हणाला, “नियमानं हे घर बाद. मालकाची संमती नसलेल्या घरावर सरकारचा पैसा खर्च करता येत नाही.”

मागच्या सीटवरून झुमरेता म्हणाली, “आणि मालकानं दिली तर?”

“तर येतो करता. पण बाई, ते लोक तिथे राहतायत.”

“ते मी पाहिलं.”

ब्रेंताकला आल्यावर तिनं आईला सगळं सांगितलं. दोघींचं कसं ठरलं ते मला हानिफानंच ऐकवलं, मी त्यांच्याकडे लाकडं टाकायला गेलो होतो तेव्हा. हानिफाला तोवर आमची बोली लेकीपेक्षाही चांगली, म्हणजे तिखट, येऊ लागली होती.

“पोरगी म्हणते, आई, त्यांच्या डोक्यावर आपण छप्पर घालायचं का गं? मी म्हटलं, बयो, छप्पर त्यांच्या डोक्यावर नाही घालायचं, माझ्या भिंतींवर घालायचं. आणखी दोन हिवाळे पाणी मुरलं तर परत काय घेशील, चिखल? माणसं आज आहेत, उद्या जातील. भिंत पडली की पडली.”

“राग नाही येत, आजी?”

“येतो की. रोज येतो. पण राग काही कौलं शाकारत नाही.”

झुमरेतानं संमती दिली. पुढच्या सप्टेंबरात छप्पर झालं, लाल कौलांचं, आमच्या प्रांताच्या पैशानं. खाली गोयको राहतच होता. बारमध्ये ही गोष्ट पोचली तेव्हा दोन तट पडले. एक म्हणायचा बाई संत आहे, दुसरा म्हणायचा मूर्ख आहे. ती दोन्हींच्या पुढून वृद्धाश्रमात कामाला जायची.

त्याच सुमारास तिथे कायद्यानं घरं मूळ मालकांना परत मिळू लागली. तिनंही अर्ज केला होता. वर्षाच्या आत निकाल लागला आणि गोयकोला घर सोडायला सांगितलं गेलं. आमच्या प्रकल्पात अशा कुटुंबांसाठी थोडी नवीन घरं बांधायची होती, त्यांत गोयकोचं नाव घ्यायचं की नाही याची बैठक नगरपालिकेत झाली. झुमरेतानं त्या दिवशी भाषांतर करायला नकार दिला. आयुष्यात एकदाच. द्रागानच्या भाचीला थोडं इटालियन येत होतं, तिला बसवलं. झुमरेता माझ्याबरोबर गाडीत बसून चीज आणि पाव खात राहिली.

“तुला काय वाटतं, मिळावं का त्याला?” मी विचारलं.

“मला विचारू नकोस. ‘हो’ म्हटलं तर आई मला खोटारडी म्हणेल, ‘नाही’ म्हटलं तर मीच म्हणेन.”

मिळालं नाही. घरं थोडी होती आणि नगरपालिकेला आपली माणसं खूप होती. दाल्लागोसाहेब भांडला, कागद आपटले, सर्दी वाढवून घेतली; पण त्या घरांच्या वाटपाचा शेवटचा शब्द तिथल्या लोकांचा होता. गोयको मोठ्या गावाजवळ बायकोच्या भावाकडे एका खोलीत राहायला गेला. जाताना त्यानं घराची सगळी दारं आणि खिडक्या काढून नेल्या.

आम्ही हानिफाला घेऊन तिथे पोचलो, तर घर डोळे काढल्यासारखं उभं. माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, “पोलिसात जाऊ. चोर आहे साला.”

हानिफा दार नसलेल्या चौकटीत उभी राहिली, छप्पर बघितलं, बाग बघितली. “चोर कसला? दारं त्याचीच होती. आपली दारं ज्यांनी नेली त्यांना शोधायला जाणार आहेस का? नाही ना? मग पांघरुणं काढ, चौकटीला लावू.”

पहिला आठवडा मायलेकींनी पांघरुणांआड काढला. नंतर माझ्या वखारीतून मी चार दारं आणि खिडक्या बनवून नेल्या. हानिफा उन्हाळ्यापुरती म्हणून राहिली ती राहिलीच. ‘तुमच्या ब्रेंताकला मरायला जागा चांगली आहे, पण जगायला मला इथलं बरं,’ असं म्हणाली. झुमरेता मात्र परतली. तिची नोकरी इथे होती, तिच्या म्हाताऱ्या इथे होत्या. जमेल तेव्हा रात्रभराची बस धरून आईकडे जायची.

पुढच्या वसंतात देसांका एकटीच चालत वर आली. तिचं गुलाबाचं झाड तिथे राहिलं होतं, ते न्यायला. फाटकाशी उभी राहून तिनं विचारलं, “खणून नेऊ का?”

“ने,” हानिफा म्हणाली. “पण आत्ता त्याला कळ्या धरल्यात. आत्ता हलवलंस तर मरेल. शरदात ये.”

“बरं.”

“उन्हात काय उभी आहेस? बस.”

दोघींनी कॉफी घेतली. काय बोललात, असं झुमरेतानं नंतर आईला विचारलं, तर म्हणाली, “काय बोलणार? ती म्हणाली, छप्पर गळतं का? मी म्हटलं, नाही. झालं.” शरदात देसांका आली आणि झाड घेऊन गेली. त्यानंतरही ती वर्षातून दोन-तीनदा यायची, निमित्त नसतानाही. मैत्री होती असं मी म्हणणार नाही. हानिफा तिच्याबद्दल बोलताना नाव घ्यायची नाही, ‘ती आधीची’ म्हणायची.

डेअरी सुरू झाली तशी दुधाची गाडी चालवायला माणूस हवा होता. ट्रक चालवता येणारा आणि न पिणारा एवढ्या दोन अटी होत्या, आणि त्या भागात दोन्ही एकत्र पुऱ्या करणारा गोयकोच निघाला. त्यामुळे तो रविवार सोडून रोज सकाळी ग्राबोव्यानला येऊ लागला. हानिफाला प्रकल्पातून एक गाय मिळाली होती. ती कॅन फाटकाशी ठेवायची, तो उचलायचा. पहिली दोन वर्षं दोघांत एक शब्द नाही. मग एकदा दूध नासलं आणि गोयकोनं कॅन परत खाली ठेवला.

“आजी, आंबलंय.”

“तुझं नाक आंबलंय.”

तेव्हापासून बोलू लागले, पण तेवढंच आणि तसंच.

नंतर आमच्याकडे निवडणुका झाल्या, नवी माणसं आली, परदेशातल्या कामांचा पैसा आटत गेला. दाल्लागोसाहेब निवृत्त झाला. बोस्नियाचं काम आमच्या संस्थेनं हळूहळू थांबवलं. डेअरी तोवर आपल्या पायांवर उभी होती, लंगडत का होईना. बारमध्ये कुणाला आनंद झाला नाही, कारण दारू यायची बंद झाली. पुलाचा कठडाही अजून मोडलेलाच होता.

हानिफा गेली ती भर फेब्रुवारीत, मोठ्या गावातल्या दवाखान्यात. झुमरेताला फोन आला तेव्हा मीच गाडी काढली. मोठ्या गावापर्यंत पोचलो, पुढे डोंगरात कमरेएवढा बर्फ. त्यांच्यात माणसाला लवकर पुरतात, फार थांबत नाहीत. खाली दफन करायचं की काय असा विचार चालला होता, तेवढ्यात कळलं की वरचा रस्ता मोकळा आहे. तिला घेऊन आम्ही निघालो. वळणावर गोयको डेअरीच्या ट्रॅक्टरवर बसलेला दिसला, पुढे बर्फ लोटायचं पातं लावलेलं, मिशीवर बर्फ साचलेला.

झुमरेता खाली उतरली. काही म्हणायच्या आधीच तो म्हणाला, “दुधाची गाडी न्यायची होती.”

“आज रविवार आहे,” ती म्हणाली.

“हो का?” एवढं म्हणून त्यानं ट्रॅक्टर मागे घेतला आणि आम्हाला वाट दिली. तो दफनाला आत आला नाही. देसांका आली, डोक्याला रुमाल बांधून, बायकांत सगळ्यात मागे उभी राहिली.

झुमरेताला त्या घराचं काय करायचं कळेना. विकावंसं वाटलं नाही, राहायला जावंसंही वाटलं नाही. शेवटी कुरण डेअरीला चारायला दिलं आणि घर कुलपात ठेवलं. जूनमध्ये जाते, खिडक्या उघडते, गवत कापते, आलुबुखाराच्या झाडांखाली दोन आठवडे बसते आणि परत येते. एकदा मी विचारलं की एकटीला तिथे भीती नाही वाटत? म्हणाली, “भीती वाटायची ती माणसं होती तेव्हा. आता नुसते कोल्हे आहेत.”

वृद्धाश्रमातून ती निवृत्त झाली त्याच वसंतात युक्रेनमधून बसगाड्या भरभरून माणसं आली. प्रांत सरकारनं त्रेंतोमध्ये एक मोठं सभागृह उघडलं: खाटा, औषधं, लहान मुलांचं दूध. कचेरीतल्या कुणीतरी जुन्या फायलीत झुमरेताचं नाव पाहिलं आणि फोन केला.

“मला ती भाषा येत नाही,” तिनं सांगितलं.

“तुमच्यासारखीच आहे म्हणतात.”

“तशी तर गायही म्हशीसारखीच आहे.”

तरी गेली. मीच नेऊन सोडलं, म्हणून पाहिलं. दारातच एक म्हातारी दोन पिशव्या पोटाशी धरून बसली होती आणि भडाभडा बोलत होती. समोरच्या पोरीला त्यातलं काही कळत नव्हतं, ती नुसतीच मान हलवत होती. झुमरेतानं कोट काढला, शेजारची खुर्ची ओढली आणि त्या म्हातारीच्या अगदी जवळ बसली.

“हळू बोल, आई,” ती आपल्या भाषेत म्हणाली. “पहिल्यापासून सांग.”

म्हातारी थांबली. मग तिनं एक पिशवी खाली ठेवली आणि पहिल्यापासून सांगायला लागली.